आधी तिचं ऐकून घ्या

बाई जाड झाली की आपल्याकडे सगळ्यांनाच बोलायचा हक्क मिळतो. मंडईत, लग्नाच्या पंगतीत, एसटीत सरकून जागा देताना. कोणी ‘खात्यापित्या घरची दिसते’ म्हणतं, कोणी सरळ विचारतं, ‘काय खाते वो बाई?’ चंद्रपूर-गडचिरोलीच्या बातम्या कुपोषणाच्या, त्यामुळे जाड बाईलाही काही दुखत असेल हे कोणाच्या मनात येत नाही. आधी बोलणाऱ्यांनाच हात जोडून सांगते, हे थांबवा.

जाड अंगामागे काय असू शकतं, ते ऐका. सिंदेवाही, ब्रह्मपुरी, मूल या भागांत मोहफुलं वेचताना, तेंदूपत्ता तोडताना वाघाने माणूस मारल्याचं दर उन्हाळ्यात ऐकू येतं. ज्या घरातला माणूस गेला, तिथली बाई पुन्हा जंगलात जायला धजत नाही. पहाटेपासूनची पायपीट एकाएकी बंद होते. झोप उडते. रात्री चुलीपाशी बसून उरलेला भात खाल्ला की तेवढ्यापुरतं छातीतली धडधड कमी होते. हळूहळू अंग सुटतं आणि लोक म्हणतात, नुकसानभरपाई मिळाली, आता बसून खाते. तिला ‘पहाटे फिरायला जा’ असं सांगू नका. तिला त्या पहाटेचीच धास्ती आहे.

काहींचा घाव जंगलातला नसतो, घरातलाच असतो. अमेरिकेत सॅन डिएगो इथे डॉ. व्हिन्सेंट फेलिटी १९८० च्या दशकात लठ्ठपणावर उपचार करत होते. वजन चांगलं उतरत असताना माणसं मध्येच उपचार सोडून जात. विचारपूस केली तेव्हा त्यांतल्या अनेकांवर लहानपणी लैंगिक अत्याचार झाल्याचं कळलं. जाड अंगाचा काहींना आडोसा वाटत होता. वजन उतरलं की नजरा वळत आणि जुनी भीती उसळून येई. पुढे त्यांचा साडेनऊ हजारांहून अधिक लोकांवरचा अभ्यास १९९८ मध्ये प्रसिद्ध झाला. बालपणी जितक्या जास्त प्रकारचे आघात, तितका मोठेपणी अनेक आजारांचा धोका जास्त, असं त्यात दिसलं.

पण म्हणून प्रत्येक जाड बाईमागे असा आघात शोधत बसू नका. थायरॉईड असतं, घराण्याचा बांधा असतो, काही गोळ्यांनीही वजन वाढतं. मुद्दा एवढाच की नुसतं अंग पाहून काही कळत नाही. न्यायालयानेही एकदा नुसतं अंगच पाहिलं होतं. १९७२ मध्ये देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात मथुरा नावाच्या आदिवासी मुलीवर अत्याचार झाला. अंगावर जखमा नाहीत, हे एक कारण धरून १९७८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पोलिसांना सोडलं. देशभर बायका रस्त्यावर आल्या, तेव्हा १९८३ मध्ये बलात्काराबाबतचा कायदा बदलला. आपली नजर मात्र अजून अंगावरच अडकलेली आहे.

आता तुझ्याशी बोलते, बाई. दुखणं अंगावर काढायची आपली सवय जुनी आहे. डॉ. राणी आणि डॉ. अभय बंग यांनी गडचिरोलीतल्या दोन गावांत स्त्रियांची तपासणी केली, तेव्हा ९२ टक्के स्त्रियांना स्त्रीरोग निघाले, आणि आधी कधी तपासून घेतलेल्या जेमतेम ८ टक्के होत्या. १९८९ मध्ये हे जगापुढे आलं. मनाच्या दुखण्याचं तसं करू नकोस. आधी बारीक होईन, मग डॉक्टरकडे जाईन, असं तर मुळीच नको. झोप लागत नाही, जुनं आठवून अंग थरथरतं, रात्री खाणं आवरत नाही, हे वजनकाट्यावर चढायच्या आधी सांग. मनाच्या गोळ्यांनी वजन वाढतंय असं वाटलं तर त्या आपल्या मनाने बंद करू नकोस; डॉक्टरांना सांग, गोळी बदलता येते. बीपीचा पट्टा दंडाला घट्ट बसत असेल तर मोठा पट्टा माग, लहान पट्ट्यात बीपी खोटंच जास्त दिसतं.

दवाखाना लांब असेल तर १४४१६ वर फोन लाव. मनाच्या दुखण्यासाठीच्या टेली-मानस सेवेचा हा सरकारी नंबर आहे, फुकट आहे, रात्रीही लागतो, मराठीत बोलता येतं. घरात कोणी ऐकेल अशी भीती असेल तर बांधावर जाऊन बोल, आणि पहिल्या फोनला सगळं सांगता आलं नाही तर पुन्हा लाव.