तराजू मोबाइलमध्ये गेला म्हणून...

शहाद्याच्या बाजार समितीत लिलाव झाल्यावर व्यापाऱ्याने भाव फिरवला, तर शेतकरी गप्प बसेल का? स्वस्त विमानसेवेत मात्र हेच राजरोस चालतं. अम्मीसाठी सुरतहून तिकीट काढताना जाहिरातीतला आकडा शेवटच्या पानापर्यंत टिकलाच नाही. सीटचे पैसे, ‘सुविधा शुल्क’, वर न मागितलेला विमा!

केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ रोजी १३ फसव्या क्लृप्त्यांना मनाई केली. किंमत थेंबाथेंबाने उघड करणं, न मागितलेलं माथी मारणं त्यातच येतं. मग हे अजून चालतं कसं?

मापात मारणाऱ्यांचा धिक्कार सूरह मुतफ्फिफीनच्या पहिल्याच आयतीत आहे. तराजू मोबाइलमध्ये गेला म्हणून पाप हलकं होत नाही. मुकाट पैसे भरू नका. १९१५ वर तक्रार करा.