नोहाचे वचन आणि चढता समुद्र

पॅसिफिक महासागरातल्या तुवालूची नऊ बेटे मिळून जेमतेम अकरा हजार वस्ती. समुद्रसपाटीपासून पाच मीटर उंच असा ठिपकाही या देशात नाही. बहुतेक लोक एकाच प्रोटेस्टंट चर्चचे. मोठ्या भरतीचे पाणी दारात येऊ लागले, पुलाका हा कंद लावायचे खड्डे खारट होऊ लागले, तरी तिथले कितीतरी वडीलधारे निर्धास्त होते. पुन्हा जलप्रलय आणणार नाही असे बायबलात देवाने नोहाला वचन दिले, त्याची खूण म्हणून आकाशात इंद्रधनुष्य ठेवले, मग भ्यायचे कशाला? या श्रद्धेपुढे शास्त्रज्ञांचे आलेख फिके पडत. तिला उत्तर दिले ते तिथल्याच धर्मोपदेशकांनी. देवाने वचन मोडलेले नाही, असे ते सांगू लागले. हे पाणी देवाने धाडलेलेच नाही, ते माणसाच्या करणीने चढते आहे, आणि ती करणी तुवालूची नाही. ताफुए लुसामा या तिथल्या पाळकांनी तर याला निष्पापांना झालेली शिक्षा म्हटले.

हवामान-करारांच्या इतिहासात धर्मसंस्थांनी घातलेली खरी भर हीच आहे, असे मला वाटते. तापमानाच्या आणि टनांच्या हिशेबात त्यांनी एक जुना प्रश्न जिवंत ठेवला: कोण कोणाचे देणे लागतो?

हा प्रश्न त्यांना सहज सुचला असे नाही. निसर्गावर हुकमत गाजवण्याची वृत्ती पाश्चात्त्य ख्रिस्ती परंपरेतूनच आली, असा आरोप इतिहासकार लिन व्हाइट यांनी १९६७ मध्ये केला, आणि तो चर्चच्या जिव्हारी लागला. १९७४ मध्ये जागतिक चर्च परिषदेने बुखारेस्टला भरवलेल्या बैठकीत टिकाऊ आणि न्याय्य समाजाची मांडणी झाली. ब्रुंटलँड आयोगाचा टिकाऊ विकासावरचा गाजलेला अहवाल यायला अजून तेरा वर्षे होती. निसर्गरक्षणासाठी १९८६ मध्ये इटलीत असिसीला भरलेल्या मेळाव्याचे कौतुक जास्त होते. तिथे पाच धर्मांनी आपापले जाहीरनामे वाचले, हिंदूंच्या वतीने डॉ. करण सिंह बोलले. शब्द सुंदर होते, पण त्या शब्दांनी कोणाचे हात बांधले गेले नाहीत. मला बुखारेस्ट मोलाचे वाटते, कारण तिथे न्याय आणि निसर्ग एकाच वाक्यात आले.

समुद्र चढल्याने होणाऱ्या हानीची भरपाई मिळावी, ही न्यायाचीच मागणी छोट्या बेटांच्या वतीने वानुआतूने १९९१ मध्ये मांडली. तिच्यासाठी निधी उभारायचे ठरले २०२२ मध्ये, शर्म अल-शेखच्या हवामान परिषदेत. एकतीस वर्षे! श्रेय आधी बेटांच्या मुत्सद्द्यांचे. पण एवढ्या काळात किती सरकारे आली नि गेली, आणि चर्च मात्र दर रविवारी भरत राहिले. २००४ मध्ये पॅसिफिकमधल्या चर्चनी किरिबातीतून, ओतिन ताई जाहीरनाम्याद्वारे, इतर देशांतल्या धर्मबंधूंना साद घातली. २०१५ मध्ये पोप फ्रान्सिस यांचे ‘लाउदातो सी’ हे परिपत्रक आणि इस्तंबूलचा इस्लामी जाहीरनामा आला, आणि पॅरिस परिषदेच्या तोंडावर निरनिराळ्या धर्मांच्या अनुयायांच्या सुमारे १८ लाख सह्या संयुक्त राष्ट्रांच्या तेव्हाच्या हवामान-प्रमुख क्रिस्तियाना फिगेरेस यांच्या हाती ठेवण्यात आल्या.

मराठी वाचकाला हे परके वाटू नये. फादर फ्रान्सिस दिब्रिटो धर्मगुरूच्याच झग्यात हरित वसईसाठी उभे राहिले होते.

तरी या संस्थांना सवलत देऊ नये. मूळ हवामान-करार १९९२ चा. व्हॅटिकन त्यात रीतसर सामील झाले २०२२ मध्ये. जागतिक चर्च परिषदेने कोळसा-तेलातून पैसा बाहेर ठेवायचे ठरवले ते २०१४ मध्ये. चर्च ऑफ इंग्लंडने तेल कंपन्यांशी वर्षानुवर्षे बोलणी केली आणि त्या बधत नाहीत हे पाहून २०२३ मध्ये उरलेल्या बड्या तेल-वायू कंपन्यांतून हात काढून घेतला. उशीर झाला, पण प्रवचनापेक्षा हे कृत्य वजनदार आहे.

दुबईच्या २०२३ च्या परिषदेत त्या हानी-निधीसाठी जाहीर झालेली रक्कम सुमारे ७० कोटी डॉलर. गरज अब्जावधींची. तुवालूच्या पाळकांनी आपल्या लोकांना सत्य सांगितले, तेही त्यांच्या जिवाभावाच्या श्रद्धेला हात घालून. आता पाळी श्रीमंत देशांतल्या चर्चची. त्यांच्या बाकांवर मतदार बसतात, मंत्रीही बसतात. हे दान नव्हे, देणे आहे, असे तिथल्या पाळकांनी त्यांना तोंडावर सांगावे.