चिखल्या लपवू नका!

शाळा कॉन्व्हेंटची, त्यामुळे 'ॲथलीट्स फूट' हा शब्द मला ठाऊक होता. वाटायचं, हा खेळाडूंचा रोग. आपण तर पीटीच्या तासालाही सावली शोधणारे! मग जुलैमध्ये डोंबिवलीला घरी गेले, ओले मोजे काढले आणि आजी म्हणाली, "अगं, चिखल्या झाल्यात तुला!" तेव्हा कुठे ट्यूब पेटली.

तोवर तीन आठवडे मी लाजेने पाय लपवत होते आणि रूममेटची 'खाजेवरची' ट्यूब गुपचूप लावत होते. दोन दिवसांत खाज गायब. आठवड्याने दुप्पट हजर! डॉक्टरांनी ट्यूब बघून डोक्याला हात लावला. त्यात स्टेरॉईड होतं. स्टेरॉईडने खाज आणि लाली दबते, बुरशी मात्र आरामात पसरते. २०१८ पासून अशी बरीच मलमं चिठ्ठीशिवाय विकता येत नाहीत. पण हॉस्टेलच्या कपाटाला चिठ्ठी कोण दाखवतो?

म्हणून आधी ओळखायला शिका. पायाची करंगळी आणि शेजारचं बोट, यांच्या बेचक्यात बघा. बहुधा सुरुवात तिथेच होते. कातडी पांढरी, भिजून फुगल्यासारखी, मग सोलते, चिरते, खाजते, वास येतो. काहींच्या तळव्याला नुसते कोरडे पापुद्रे येतात आणि ते बिचारे व्हॅसलीन चोळत बसतात.

हे एकट्याचं दुखणंही नाही. ओली बाथरूम, एकमेकांच्या चपला, टॉवेल यांतून ते पसरतं. त्याच टॉवेलने अंग पुसलं तर जांघेत नायटा होऊ शकतो. शिवाय चिरलेली कातडी म्हणजे उघडं दार. २६ जुलै २००५ च्या पुरानंतर मुंबईत लेप्टोची साथ आली होती. ते जंतू अशाच जखमांतून शरीरात शिरतात. आणि स्टेशनबाहेरच्या पाण्यातून चालणं आपल्याला काही चुकत नाही!

तेव्हा पाय धुऊन बेचकी कोरडी करा, मोजे रोज बदला, डॉक्टरांनी दिलेलं औषध खाज थांबली तरी पूर्ण करा. आणि सरांना एक विनंती: वर्कशॉपमध्ये बूट हवेतच, पण पावसाळ्यात लेक्चरला फ्लोटर्स चालू द्या. भिजलेल्या बुटांत दिवसभर बसून शिस्त नाही वाढत, बुरशी वाढते!