मासा थंड आहे, पण बर्फाचे काय?

प्रति,
आयुक्त, अन्न व औषध प्रशासन,
महाराष्ट्र राज्य, मुंबई

महोदय,

वरोऱ्यापासून समुद्र शेकडो किलोमीटर दूर. तरी सुरमई, बांगडा आणि समुद्री झिंगे इथल्या ताटात येतात. तलावाची मासोळी जवळून येते. समुद्राचा मासा मात्र थर्माकोलच्या खोक्यात, बर्फाच्या चुऱ्यात लांबचा प्रवास करून येतो. उन्हाळ्यात चंद्रपूर जिल्ह्याचा पारा ४५ अंशांवर चढतो. वाटेत बर्फ किती वेळा वितळला आणि कुठल्या पाण्याचा पुन्हा भरला, हे गिऱ्हाइकाला कळायला काहीच मार्ग नाही.

प्रश्न जुना आहे. जपानमध्ये ओसाकात १९५० साली अर्धवट वाळवलेल्या बारीक माशांमुळे २७२ लोक आजारी पडले, २० दगावले. त्या तपासात त्सुनेसाबुरो फुजिनो यांना व्हिब्रिओ पॅराहिमोलिटिकस हा जंतू सापडला. पोषक उबेत तो १० मिनिटांच्या आत दुप्पट होऊ शकतो. म्हणजे तासाभरात एकाचे ६४. त्याचा जगभर पसरलेला प्रकार १९९६ मध्ये कोलकात्यात प्रथम आढळला. थंडीत हा जंतू आवरतो. लिस्टेरिया हा दुसरा जंतू मात्र फ्रिजच्या ४ अंशांतही वाढत राहतो आणि गोठवूनही मरत नाही. गरोदर स्त्रीला त्याने नुसती कणकण येते, पण गर्भपात होऊ शकतो.

आपल्याकडे मासा शिजवूनच खातात, मग भीती कसली? नीट शिजवल्यावर हे जंतू मरतात, हे खरे. पण कच्चा मासा कापलेल्या सुरीनेच कांदा-काकडी चिरली, तर शिजवण्याचा उपयोग राहत नाही. बांगडा किंवा कुपा उबेत पडून राहिला की जंतू त्यात हिस्टामिन तयार करतात, आणि ते उकळूनही जात नाही. तोंड लाल होते, अंग खाजते, डोके ठणकते. दवाखान्यात ॲलर्जीची गोळी मिळते आणि माशाची नोंद राहून जाते.

युरोपीय संघाने १९९७ मध्ये भारतीय मासळीची आयात थांबवली, तेव्हा निर्यातीच्या कारखान्यांची स्वच्छता आणि तपासणी कडक झाली. परदेशी ग्राहकासाठी जे जमले, ते वरोऱ्याच्या ग्राहकासाठी का जमू नये? खाण्यायोग्य नसलेला बर्फ निळा असावा, हा नियम २०१८ मध्ये आपल्याच प्रशासनाने राज्यात लागू केला. त्याच वर्षी गोव्यात माशांतील फॉर्मेलिनवरून गदारोळ झाला. रसायनाची बातमी होते. जंतूंची होत नाही.

म्हणून मागणी अशी: एप्रिल ते जून या काळात वरोरा, चंद्रपूर आणि गडचिरोलीच्या बाजारांतून समुद्री मासळीचे आणि तिच्यावरच्या बर्फाचे नमुने घ्यावेत. त्यांत फॉर्मेलिनबरोबर जंतू आणि हिस्टामिनही तपासावे, निकाल जाहीर करावेत. मासळी खाऊन आजारी पडलेल्यांची वेगळी नोंद सरकारी रुग्णालयांनी ठेवावी, यासाठी आरोग्य विभागाशी बोलावे.

मात्र ही मोहीम टोपली घेऊन बसलेल्या बाईवर दंड मारून संपू नये. २०२० च्या प्रधानमंत्री मत्स्यसंपदा योजनेत शीतपेटीच्या वाहनांसाठी अनुदान आहे. मत्स्यव्यवसाय विभागाला सोबत घेऊन ते तिच्यापर्यंत पोहोचवावे, आणि पुढच्या उन्हाळ्याआधी हे काम सुरू करावे.

कळावे,
वरोऱ्यातील मासळी खाणाऱ्या ग्राहकांच्या वतीने