कानाचा पल्ला

वैशाखातली दुपार. अकोला असो की अमरावती, दारे-खिडक्या लावून घेतलेल्या आणि खोलीत कूलरची अखंड घरघर. नातू काही विचारतो. आजोबा म्हणतात, "जोऱ्यानं बोल नं, आयकू येत नाही." नातू आवाज चढवतो, तसे आजोबा चिडतात, "आता कायले बोंबलतं? मी का बहिरा हावो?" नातू हिरमुसतो. घरच्यांना वाटते, यांना सोयीचे तेवढेच ऐकू येते. हा आरोप बहुतेक वेळा अन्यायाचा असतो.

निरोगी कान हे विलक्षण मापनयंत्र आहे. एकाच तराजूने गुंजभर सोने आणि कापसाने भरलेली गाडी तोलावी, तसे त्याचे काम. आवाज डेसिबलमध्ये मोजतात आणि या मापात दर १० अंकांना ध्वनीची तीव्रता दहापट होते. कुजबुज सुमारे ३० डेसिबलची, नेहमीचे बोलणे सुमारे ६० डेसिबलचे; म्हणजे बोलण्याची तीव्रता कुजबुजीच्या हजारपट. अगदी मंद आवाजापासून कान दुखू लागेल अशा, १२० डेसिबलच्या गोंगाटापर्यंतचे अंतर एक लाख कोटी पटींचे आहे. एवढा पल्ला पेलण्यासाठी आतल्या कानातील सूक्ष्म केसपेशी मंद आवाज वाढवतात आणि मोठ्या आवाजांना मात्र फारशी जोड देत नाहीत.

वय वाढते तशा या पेशी झिजतात. मंद आवाज ऐकू येईनासे होतात. पण मोठा आवाज असह्य वाटण्याची मर्यादा जवळजवळ पूर्वीच्याच जागी राहते. समजा, पूर्वी ० ते १०० डेसिबलपर्यंतचे सुखाने ऐकू येत होते आणि आता ५० च्या आतले ऐकूच येत नाही. तर पल्ला निम्मा उरला. म्हणून थोडे कमी बोललेले पोचत नाही आणि थोडे जास्त बोललेले टोचते. शिवाय स, फ, थ यांसारखी क्षीण, उंच स्वराची व्यंजने आधी हरवतात. आवाज येतो, शब्द कळत नाही. ओरडल्याने स्वर तेवढे मोठे होतात, व्यंजने हरवलेलीच राहतात.

शास्त्रज्ञांपुढेही हाच पेच असतो. पुणे जिल्ह्यात नारायणगावजवळ खोडद येथे ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेनांची महाकाय रेडिओ दुर्बीण आहे. आकाशातून येणाऱ्या रेडिओलहरी अतिशय क्षीण, तर माणसांच्या यंत्रांच्या लहरी त्यांच्या मानाने प्रचंड. संकेत नुसता वाढवला तर गोंगाटही वाढतो आणि प्रबळ लहरींनी ग्राहकयंत्र भांबावते. म्हणून तिथे आधी रेडिओगोंगाट कमी असलेली जागा निवडली गेली. आवाज वाढवण्याचे काम त्यानंतरचे.

घरातही क्रम हाच ठेवावा. बोलण्यापूर्वी कूलर किंवा टीव्ही क्षणभर बंद करावा. दुसऱ्या खोलीतून हाक न मारता तीन-चार फुटांवर, उजेडात, समोर बसावे. ओठ दिसले की हरवलेली व्यंजने बरीचशी सापडतात. आवाज नेहमीचाच, गती मात्र संथ असावी. वाक्य कळले नाही तर तेच मोठ्याने म्हणण्यापेक्षा वेगळ्या शब्दांत सांगावे.

श्रवणयंत्र घेण्यापूर्वी कान-नाक-घसा तज्ज्ञांकडून तपासणी करून घ्यावी. कधी कधी अडचण नुसत्या मळाची असते. श्रवणमापनाचा आलेख काढून त्यानुसार बसवलेले यंत्र मंद आवाज अधिक आणि मोठा आवाज कमी वाढवते, म्हणजे सारे काही उरलेल्या पल्ल्यात बसवते. सगळेच सारखे वाढवणारे यंत्र लवकरच कपाटात जाते. सरावाला काही आठवडे द्यावेत. अल्प उत्पन्न असलेल्या ज्येष्ठांसाठी राष्ट्रीय वयोश्री योजनेच्या साहित्यात श्रवणयंत्राचा समावेश आहे. मात्र एका कानाने एकाएकी ऐकू येईनासे झाले, तर त्याच दिवशी डॉक्टरांना गाठावे. तिथे उशीर महागात पडतो.

वारंवार "काय?" विचारण्याचा संकोच वाटू लागला, की ज्येष्ठ मंडळी हळूहळू विचारणेच सोडून देतात. घरातली ती शांतता समाधानाची समजू नये. कूलर बंद करून जवळ बसण्याची वेळ तीच असते.