मामंजी रात्री पाच वेळा उठतात!

मैत्रिणींनो, आजचा विषय वाचून काहीजणी म्हणतील, "अगबाई, हे पुरुषांचं दुखणं, आपल्या पानावर कशाला?" पण घरातला औषधांचा डबा कुणाच्या ताब्यात असतो? पथ्यपाणी कोण बघतं? आपणच ना! म्हणून माझी एक चूक आज तुम्हाला सांगणार आहे.

गेल्या थंडीत मामंजींना जोराची सर्दी झाली. वय ७१. मी शाळेतून आले आणि डब्यातली सर्दीची गोळी त्यांना दिली. रात्री झोपताना आणखी एक दिली. पहाटे दोनला सासूबाईंनी दार वाजवलं. मामंजी घामाघूम, ओटीपोट फुगून टणक झालेलं आणि लघवीचा एक थेंब नाही. तशीच रिक्षा करून दवाखाना गाठला. डॉक्टरांनी नळी घातली तेव्हा कुठे त्यांचा जीव खाली आला.

"कुठली गोळी घेतली होती का?" डॉक्टरांनी विचारलं आणि माझी मान खाली गेली. सर्दीच्या काही गोळ्यांनी मूत्राशयाच्या तोंडाचे स्नायू आवळतात, काहींनी मूत्राशयाचा जोर कमी पडतो. प्रोस्टेट आधीच वाढलेली असेल तर लघवी पार अडते.

मग सासूबाई हळूच म्हणाल्या, "दोन वर्षं झाली गं. रात्री चार-पाच वेळा उठतात. वय झालं म्हटलं, सुनेला काय सांगायचं!" मला एकेक आठवू लागलं. मामंजींनी एकादशीचं भजन सोडलं होतं. एस.टी.चा प्रवास नको म्हणून भाचीच्या लग्नाला आले नव्हते. संध्याकाळनंतर पाण्याचा पेला परत पाठवत. मला वाटायचं, म्हातारपणी तिरसट झालेत!

प्रोस्टेट ही फक्त पुरुषांना असणारी, अक्रोडाएवढी ग्रंथी. मूत्राशयाच्या खाली, लघवीच्या नळीभोवती असते. पन्नाशीनंतर ती बहुतेकांची थोडीफार वाढते. वाढली की मधली नळी दाबली जाते. मग लघवी सुरू व्हायला वेळ लागतो, धार बारीक होते, शेवटी थेंब थेंब येते, पुन्हा जावंसं वाटतं, कधी कधी धीरच धरवत नाही. ही साधी वाढ म्हणजे कॅन्सर नव्हे आणि तिचा पुढे कॅन्सर होतो असंही नाही. पण दुर्लक्ष केलं तर लघवी तुंबून जंतुसंसर्ग, मुतखडा, क्वचित मूत्रपिंडावरही परिणाम होतो.

तपासण्या फार अवघड नाहीत. डॉक्टर सात प्रश्न विचारून त्रासाला गुण देतात (जास्तीत जास्त ३५). गुदद्वारातून बोट घालून ग्रंथी चाचपतात. याचीच पुरुषांना लाज वाटते, पण काम मिनिटभराचं. शिवाय लघवीची आणि रक्ताची तपासणी, आणि सोनोग्राफी. लघवी केल्यावर मूत्राशयात किती उरली तेही सोनोग्राफीत कळतं.

रक्ताची पी.एस.ए. नावाची एक तपासणी असते. मामंजींचा आकडा ११ आला. साधारणपणे तो ४ च्या आत असावा म्हणतात. ह्यांनी कागद वाचला आणि घरात दोन दिवस कुणाला जेवण गेलं नाही. डॉक्टर म्हणाले, "लघवी तुंबली, नळी घातली, जंतुसंसर्ग झाला, तरी हा आकडा वाढतो. थोडं थांबू." दीड महिन्यानं पुन्हा तपासलं तेव्हा तो ४ च्या आत आला. तो उतरला नसता तर एम.आर.आय. आणि गरज पडल्यास तुकडा काढून तपासणी. कॅन्सर निघाला तरी तो पुष्कळदा सावकाश वाढणारा असतो आणि त्यावर उपचार आहेत. मात्र सुरुवातीला तो काही लक्षण दाखवत नाही. म्हणून लघवीतून रक्त येणं, पाठीची-कंबरेची न थांबणारी हाडदुखी आणि घरात वडिलांना किंवा भावाला झालेला हा कॅन्सर, या गोष्टी डॉक्टरांना आवर्जून सांगाव्यात.

औषधं दोन तऱ्हेची. टॅमसुलोसिनसारखी गोळी स्नायू सैल करते, थोड्याच दिवसांत आराम पडतो. पण उठताना चक्कर येऊ शकते, म्हणून आधी कॉटवर बसावं, मग उभं राहावं. मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरलं तर डोळ्यांच्या डॉक्टरांना या गोळीबद्दल सांगायला विसरू नका. दुसरी फिनास्टेराइडसारखी. ती ग्रंथी लहान करते, पण सहा महिने धीर धरावा लागतो. तिनं पी.एस.ए.चा आकडा निम्म्यावर येतो, हे तपासणीच्या वेळी सांगावं. आणि घरात कुणी गरोदर असेल तर तिनं या गोळीचा तुकडा वा भुकटी हाताळू नये. पोटातल्या मुलग्याला अपाय होऊ शकतो.

गोळ्यांनी भागलं नाही तर पोटावर काप न घेता, लघवीच्या वाटेनं दुर्बीण घालून ऑपरेशन करतात. मामंजींना ती वेळ आली नाही. आठवड्यानं नळी काढली आणि लघवी आपली आपण झाली.

आता घरातलं:

• पाणी तोडू नका. दिवसा पुरेसं द्या, झोपण्याआधी दोन-तीन तास कमी करा. संध्याकाळनंतरचा चहा-कॉफी बंद.
• बद्धकोष्ठ होऊ देऊ नका. पालेभाजी, फळं रोज हवीत.
• खोलीपासून न्हाणीपर्यंत बारीक दिवा ठेवा, फरशी कोरडी ठेवा. रात्रीच्या धावपळीत पडून हाड मोडतं.
• सर्दी-खोकल्याची गोळी डॉक्टरांना विचारल्याशिवाय देऊ नका. माझ्या डब्यावर मी तशी चिठ्ठीच लावली आहे.

आणि सर्वांत मोठं पथ्य बोलण्याचं. सुनेला सासऱ्यांना विचारणं जड जातं, मान्य. पण सासूबाईंना विचारता येतं, ह्यांना सांगता येतं. "रात्री किती वेळा उठतात?" एवढा एक प्रश्न पुरे.

मागच्या एकादशीला मामंजी टाळ घेऊन निघाले. जाताना सासूबाईंना म्हणाले, "आज उशीर होईल हो!" सासूबाई पदर तोंडाला लावून हसल्या. दोन वर्षांपूर्वीच विचारलं असतं तर, असं मात्र मला अजून वाटतं.

तुम्ही आजच विचारा.