तो झोपेत आहे, तुम्ही तर जागे आहात ना?

मीरा रोडचा एखादा वन बीएचके. चार मुलं भाड्याने राहतात. रात्रीचा एक वाजलाय, सबमिशन उद्यावर आलंय म्हणून तुम्ही अजून जागे. तेवढ्यात आतल्या खोलीतून तुमचा पार्टनर उठून येतो. डोळे टक्क उघडे. ‘काय रे, पाणी हवंय का?’ असं तुम्ही विचारता, तर तो भलतंच काहीतरी पुटपुटतो आणि सेफ्टी डोअरची कडी चाचपायला लागतो.

अशा वेळी आपला हात आधी मोबाइलकडे जातो. सकाळी ग्रुपवर व्हिडिओ पडतो, हसण्याच्या इमोजींचा पाऊस पडतो, कुणीतरी ‘मंजुलिका’ लिहितं. आणि ज्याचा तो व्हिडिओ आहे, त्याला रात्रीचं काही म्हणजे काही आठवत नसतं. आपण झोपेत चालतो, ही बातमी त्याला ग्रुपवरच कळते.

मला सांगायचंय ते एवढंच. झोपेत चालणाऱ्याला स्वतःला ते सहसा कळत नाही. त्यामुळे खुणा ओळखण्याचं काम शेजारच्या गादीवर झोपणाऱ्याचं आहे. म्हणजे तुमचं.

आधी एक गैरसमज दूर करूया. झोपेत चालणारा माणूस नाटक करत नसतो. आपली झोप साधारण दीड-दीड तासाच्या फेऱ्यांमध्ये चालते आणि सगळ्यात गाढ झोप रात्रीच्या पहिल्या भागात लागते. त्या गाढ झोपेतून मेंदूचा काही भाग अर्धवट जागा होतो, बाकीचा झोपलेलाच राहतो. पाय चालतात, हात कडी उघडतात, पण ‘मी कुठे आहे’ याचं भान नसतं. डॉक्टर याला निद्राभ्रमण म्हणतात.

मग ओळखायचं कसं? पहिलं म्हणजे वेळ बघा. झोप लागल्यावर बहुतेक एक ते तीन तासांत हे घडतं. डोळे उघडे असतात, पण नजर आरपार जाते. हाक मारली तर उत्तर येत नाही, आलं तर त्याला शेंडाबुडखा नसतो. काही मिनिटांनी, क्वचित अर्ध्या तासाने, माणूस परत येऊन झोपतो आणि सकाळी सगळं कोरं. एकटं राहणाऱ्यांनी सकाळच्या पुराव्यांकडे लक्ष द्यावं : फ्रिजचं दार उघडं, मोबाइल भलत्याच जागी, पायाचे तळवे मळलेले, कुठून आलं ते न कळणारं खरचटणं.

आता हेही लक्षात घ्या. कुणी पहाटेच्या सुमारास ओरडत हातपाय झाडत असेल आणि उठल्यावर स्वप्न नीट सांगत असेल, किंवा एका रात्रीत अनेकदा तेच ते झटके, तीच ती हालचाल होत असेल, तर प्रकरण वेगळं असू शकतं. दुसऱ्या प्रकारात फिट्सचीही शक्यता असते. तिथे अंदाज न बांधता डॉक्टर गाठायचा.

लहानपणी बऱ्याच मुलांना हा त्रास होतो आणि मोठं होताना जातो. घरात आई-वडिलांना असेल तर शक्यता वाढते. पण कॉलेजच्या वयात तो परत का डोकं वर काढतो? ताण, ताप, दारू, झोपेच्या काही गोळ्या आणि सगळ्यात आपल्या ओळखीचं कारण, अपुरी झोप. सातच्या लेक्चरसाठी भाईंदरहून पहाटेची लोकल पकडायची आणि रात्री दीडपर्यंत रील्स बघायचे, हे आपलं टाइमटेबल. झोपेची अशी उधारी साचली की शरीर ती गाढ झोपेतून वसूल करतं, आणि चालणं सुरू होतं ते नेमकं तिथेच. अठरापर्यंत आठ ते दहा तास आणि पुढे किमान सात तास झोप लागतेच. ‘मी चार तासांवर चालतो’ ही फुशारकी आता पुरे.

समोर कुणी असं चालताना दिसलं तर आरडाओरडा करू नका, गदागदा हलवू नका. ‘जागं केलं तर वेडा होतो’ हे खोटं आहे, पण दचकून उठलेला माणूस गोंधळून धक्का देऊ शकतो. हळू आवाजात बोलत, कोपराला धरून गादीपर्यंत आणा. दुसऱ्या दिवसापासून बाल्कनीचं दार रात्री बंद ठेवा, मुख्य दाराला छोटी घंटी अडकवा, त्याला वरच्या बंकवर झोपवू नका. आपल्याकडे कित्येक टॉवरमध्ये खिडकीला ग्रिल नाही. विसाव्या मजल्यावर तो विनोद उरत नाही.

कुणी म्हणेल, वर्षातून एकदा होतं, एवढं काय? बरोबर आहे. एखाद्या वेळच्या चालण्याला औषध लागत नाही. पण वारंवार होत असेल, दार उघडून बाहेर जाणं होत असेल, इजा झाली असेल किंवा मोठेपणी पहिल्यांदाच सुरू झालं असेल, तर फॅमिली डॉक्टरकडे जा. ते पुढे न्यूरॉलॉजिस्ट किंवा मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवतील. आणि हो, इथे व्हिडिओ खरंच उपयोगी पडतो. माणूस सुरक्षित आहे हे बघून थोडं शूट करा, वेळ लिहून ठेवा. मात्र तो व्हिडिओ त्याला आणि डॉक्टरला दाखवायचा, ग्रुपला नाही. परीक्षेचा ताण डोक्यावर बसला असेल तर १४४१६ हा टेलि-मानसचा मोफत नंबर आहे.

घरी मात्र अजून ‘बाहेरचं’ म्हणतात, उतारा काढतात. मुलगी असेल तर लग्न मोडेल म्हणून गप्प बसवतात. भूत उतरवायच्या नावाखाली बांधणं, मारणं हा महाराष्ट्रात २०१३च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे. पण जिथे मित्रच हसतात, तिथे ती मुलगी कुणाला सांगणार?

आज रूमवर गेलात की एकच प्रश्न विचारा, ‘लहानपणी झोपेत चालायचात का रे कुणी?’ कुणी ‘हो’ म्हणालं तर हसू नका. बाल्कनीची कडी लागते का, ते बघून या.